चहाबरोबरची गोळी

बुधवार, मे महिना.
तारीख नक्की माहीत नाही. इथल्या कॅलेंडरचं पान कोणी फाडलंच नाही.

वहिनी,

तुला नमस्कार, दादाला नमस्कार, आणि पिल्लूच्या दोन्ही गालांना माझ्याकडून भरपूर पाप्या. तुम्ही सगळे बरे असाल. मी पण बरी आहे.

काल मला झोप लागली नाही. डोळा मिटला की आपोआप उघडत होता. माझ्या शेजारची गादी काल उचलून नेली ना, त्यामुळे. चिमणीची गादी. आता तिथे नुसती फरशी आहे आणि फरशीवर मारलेल्या औषधाचा वास. तो वास नाकातून जातच नाही. त्या वासाने झोप येत नाही, दुसरं काही नाही.

हे पत्र तू एकटीने वाच. दादाला वाचून दाखवू नको. बाथरूममध्ये जाऊन कडी लावून वाच हवं तर. त्याने विचारलं तर म्हण, बायकांचं आहे काहीतरी. मग तो आपोआप खिडकीबाहेर बघायला लागेल.

कागद असा लांबडा बघून हसू नको. हा कटिंगचा कागद आहे, कापडावर पसरून बाह्या-बिह्या आखतात तो. त्याच्या कडेची पट्टी फाडून घेतलीय. पेन्सिल पण कापडावर खुणा करायची आहे, म्हणून अक्षर जाड येतंय. तसंही माझं अक्षर कधी बारीक नव्हतं.

आधी चांगलं सांगते. दोन वेळचं जेवण मिळतं. झोपायला वरच्या मजल्यावर गाद्या टाकल्यात, जिथे आधी कापडाचे तागे असायचे तिथे. पंखा आहे. आत्या आहे. आत्या म्हणजे शिवणींवर टेप बसवायच्या मशीनवरची म्हातारी, ती इथे कुणाचीच आत्या नाही, पण सगळ्या तिला आत्याच म्हणतात. ती घोरायला लागली की खिडकीची काच वाजते. चिमणी म्हणायची, आत्याला ऑर्डर संपली की सायरन म्हणून फाटकावर लावू. मशीनचं पायडल मारून मारून माझा पाय जरा जड झालाय, ते सोडलं तर काही नाही.

फोनवर मी तुला जे सांगते ना, छान आहे, मस्त आहे, ते सगळं शिट्टी शेजारी उभी असते म्हणून. शिट्टी म्हणजे आमची सुपरवायझर बाई. गळ्यात शिट्टी घालून फिरते, म्हणून आम्ही मागून तिला शिट्टी म्हणतो. आमचे फोन तिच्या कपाटात असतात. रविवारी देते, हातात देते आणि तिथेच उभी राहते. बोलून झालं की परत घेते. मागच्या रविवारी तू म्हणालीस, आवाज असा का येतोय, धापा टाकल्यासारखा, आणि मी म्हणाले मास्क आहे तोंडाला. मास्क नव्हता वहिनी तेव्हा. मी जिना चढून आले होते. एवढंच. एक जिना.

मालकाला परवानगीच तशी मिळालीय. लॉकडाऊनमध्ये कारखाना चालवायचा तर बायका आतच ठेवायच्या, बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. ज्या दिवशी दादा मला स्कूटरवरून फाटकाशी सोडून गेला, त्या दिवशी वाटलं होतं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. बाहेर गेलीस तर परत आत घेणार नाही आणि केलेल्या कामाचे पैसेही ऑर्डर संपल्यावरच, असं शिट्टीने पहिल्याच दिवशी सांगितलं. पिल्लूचा बाप तिकडे कामाच्या गावी अडकलेला, त्याचा फोन लागला तर लागला. मी कुठे जाणार होते?

आधी आम्ही शर्ट शिवायचो. आता हॉस्पिटलचे गाऊन. डॉक्टर-नर्स अंगभर घालतात ते. कापड कसलं, प्लास्टिकच ते. पाणी टाकलं तर घरंगळून जातं. आम्हाला पण तसलाच सूट घालून बसायचं, डोक्यापासून पायापर्यंत, आमचा केस किंवा घाम मालावर पडू नये म्हणून. सूट काढला की फेकून द्यायचा आणि मधेच दुसरा मिळत नाही. म्हणजे सकाळी एकदा अडकवला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठायचं नाही, आणि जेवणानंतर घातला की दिवे लागेपर्यंत. कोणी पाणी पीत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं.

आता त्यात बायकांचं काय होत असेल ते तूच समज.

येताना माझ्या पिशवीत एक पाकीट होतं पॅडचं. ते संपलं. फाटकासमोरचं दुकान बंद. आम्ही दोघी-तिघी मिळून शिट्टीकडे गेलो. ती म्हणाली, "इथे हॉस्पिटलला माल पुरवायला गाडी मिळेना, आणि तुमच्या पाकिटांना गाडी सोडू? अॅडजस्ट करा गं. पूर्वीच्या बायका काय करत होत्या?" आत्या पटकन म्हणाली, "पूर्वीच्या बायका घरी होत्या. सुटका म्हणून कोपऱ्यात बसून राहायच्या." सगळ्या हसल्या. शिट्टी नाही हसली.

मग आम्ही कापडाचे तुकडे घ्यायला लागलो. तेच गाऊनचं कापड, दुसरं काही नव्हतंच. ते काही शोषत नाही. शोषू नये म्हणूनच बनवलंय. चिमणी म्हणाली, "बघा आपली अक्कल! डॉक्टरला लोकांचं रक्त लागू नये म्हणून दिवसभर शिवतो, आणि आपलं आपल्यालाच लागतंय." धागे कापायची ती. लहानखुरी, बडबडी, अजून लग्न नाही झालेलं. कात्री हातात आणि तोंड त्याहून जास्त चालायचं.

मी दादाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. शिट्टी शेजारी. मी म्हटलं, "दादा, जरा बायकांचं सामान पाठव ना." तो म्हणाला, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "तेच... लागतं ते." तो म्हणाला, "अगं नीट सांग, इथे दुकानाबाहेर रांगेत उभा आहे मी." आजपर्यंत त्याच्यासमोर तो शब्द मी काढलेला नाही. शेवटी म्हटलं, "काही नाही, साबण पाठव." वहिनी, त्याने एवढे साबण पाठवले, एवढे साबण, की अख्खा मजला अजून माझ्या साबणाने अंघोळ करतोय. आत्या म्हणते, भाऊ असावा तर असा, नखशिखांत स्वच्छ करून सोडलं. मी पण हसले. मग मोरीत जाऊन रडले.

नंतर एक गाऊन परत आला. पॅक झालेला, पाकीट फोडल्यावर आत डाग. तपकिरी, वाळलेला. अख्खं खोकं परत पाठवलं त्यांनी. शिट्टीने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि तो गाऊन दोन्ही हातांनी वर धरला, "ही कोणाची करणी?" कोण बोलणार? कोणालाच माहीत नव्हतं, बसल्या जागी लागलेलं कोणाला कळतं. ती प्रत्येकीच्या मागे जाऊन बघत आली. मागे, समजलं ना? आत्याच्या पण. आत्याची पाळी जाऊन किती वर्षं झाली. आत्या म्हणाली, "बघ बाई, तिथे काही सापडलं तर मलाही सांग."

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळच्या चहाबरोबर गोळी सुरू झाली.

पांढरी, छोटी. शिट्टी डबीतून काढून हातावर ठेवते. वरचं वेष्टण काढलेलं असतं, नाव नाही, काही नाही. पाळी पुढे ढकलायची गोळी. ती म्हणाली, लग्नकार्य असलं की घेतात ना बायका, तीच. ऑर्डर संपली की बंद करा, मग काय यायचं ते आपापल्या घरी येऊ दे. चहाचा पहिला घोट तिच्यासमोर घ्यायचा आणि जीभ वर करून दाखवायची.

आणि खरं सांगू का? आम्हाला बरं वाटलं. मीच म्हणाले, चला, कटकट गेली. कोणी जबरदस्ती केली म्हणून रडत-बिडत नाही घेतली आम्ही. हात पुढे करून घेतली.

पण लग्नाला घेतात ती चार-पाच दिवस घेतात गं. आम्ही महिना उलटून गेला तरी घेतोय. डोकं दुखतं, छाती दुखते, पोट टम्म फुगतं. रात्री पिल्लूच्या आठवणीने दूध येऊन माझा कपडा भिजायचा, ते पण थांबलं. एकीने शिट्टीला विचारलं, अजून किती दिवस घ्यायची ही? ती म्हणाली, "डाग पाडणारीला विचार."

पुढचं लिहायला हात धजत नाही. शिट्टी वाजली, जेवायला बोलावतील. मग लिहिते.

*

जेवण झालं. आज माझं पान तसंच राहिलं, पण ते नंतर.

चिमणीचं सांगते.

आधी तिची पोटरी दुखायला लागली. डावी. ती म्हणाली, बसून बसून आखडली. मग सुजली. एक पाय चिमणीचा, एक हत्तीचा, असं तीच म्हणायची आणि सूटची पँट वर करून दाखवायची. पाय लालसर होता आणि हात लावला तर गरम. पण अंगात ताप नाही. दारात ताप बघायची बंदूक लावतात ना कपाळाला, ती रोज हिरवीच दाखवायची. म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आम्हाला भीती एकाच रोगाची होती. खोकला म्हणजे रोग, ताप म्हणजे रोग. पाय सुजला म्हणजे बसून सुजला.

काल जेवणाच्या सुट्टीत आत्याने तिचा पाय मांडीवर घेतला. आत्याच्या हाताला गुण आहे म्हणतात, कुणाची मान धर, कुणाची कंबर, सगळ्या तिच्याकडेच जातात. दादाने पाठवलेल्या सामानात तेलाची बाटली होती, ती मीच दिली. आत्याने चांगला जोर लावून पोटरी चोळली, खालून वर, खालून वर. चिमणी ओरडत पण होती आणि हसत पण होती. "आत्या, पाय माझा आहे, पीठ नाही!" मग म्हणाली, बरं वाटतंय.

जेवणानंतर आम्ही बसलो. मी माझ्या मशीनवर, ती समोरच्या टेबलावर धागे कापत. थोड्या वेळाने कात्री खाली पडल्याचा आवाज आला. मी वर बघितलं तर ती उभी राहायला बघत होती आणि तोंड उघडत होती, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं. आवाज नाही. हातांनी सूटची चेन ओढत होती. मी गेले, चेन काढली. मास्क काढला तर आतून लाल थुंकी. ओठ निळे झाले होते. तिने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की तिची नखं अजून माझ्या हातावर आहेत.

बाकीच्या लांब पळाल्या. रोग, रोग म्हणून. त्यांना नावं नाही ठेवत, मी पण पळाले असते, पण तिने हात धरला होता.

गाडी आली. आत आलेली माणसं आमचेच गाऊन घालून होती, खांद्यावरची शिवण मी ओळखली. त्यातला एक डॉक्टर होता. बाकीचे तिला उचलायच्या घाईत होते, पण तो खाली बसला आणि त्याने तिचा पाय बघितला. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले. मग म्हणाला, "हा पाय कधीपासून असा आहे? काही गोळ्या चालू होत्या का हिला, पाळीच्या वगैरे? कोणी चोळलाय का पाय?"

शिट्टी म्हणाली, "नाही हो डॉक्टर. गोळ्या कसल्या? धडधाकट मुलगी. एकदम श्वासच लागला. रोगच असणार."

डॉक्टरने आमच्याकडे बघितलं. सगळ्यांकडे. मी सगळ्यांत जवळ होते. वहिनी, माझ्या जिभेवर होतं. चहाबरोबर देतात, एवढंच म्हणायचं होतं. शिट्टी माझ्याकडे बघत होती. मला पिल्लू दिसलं, तुझा रिकामा होत आलेला पिठाचा डबा दिसला, दादा फाटकाबाहेर उभा दिसला. मी मूग गिळून गप्प बसले. आत्याही गप्प. अख्खी लाइन गप्प. नेली तिला.

आज सकाळी तिची पिशवी फाटकावर पाठवली, वर औषध मारून. वॉचमनने विचारलं, कुठे पाठवायची? मी जिन्यात होते, मला ऐकू आलं. शिट्टी म्हणाली, "ठेव तिथेच. कोणी मागायला आलं तर दे." म्हणजे ती स्वतः येणार नाही, असंच ना? तूच सांग, याचा दुसरा काय अर्थ होतो? चिमणीच्या स्टुलावर दुसरी बसली. आणि चहाबरोबर गोळी आली, रोजच्यासारखी.

मी रात्रभर तोच विचार करत होते. रोग असता तर डॉक्टरने पायाचं कशाला विचारलं? गोळ्यांचं कशाला विचारलं? रोगाला गोळी काय आणि पाय काय. त्याला काहीतरी माहीत होतं. तो त्या पायाकडे जसा बघत होता ना, तसं मशीन बिघडलं की मेकॅनिक बघतो. नेमका तिथेच हात घालतो.

आता खरं सांगते. वासाने झोप गेली नाही.

माझा पाय जड झालाय असं वर लिहिलंय ना, ते पायडलने नाही. डावा पाय. पोटरी. रविवारपासून सुजलाय. शनिवारी सूटची पँट सरळ चढली होती, आता पोटरीवर अडकते. लाल आहे, हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखा गरम. मी कोणाला दाखवला नाही. पँटच्या आत कोण बघतंय. फक्त आत्याला कळलं, मी लंगडते म्हणून, आणि ती सकाळीच म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत ये, मोकळा करून देते.

मी खूश झाले होते गं. हो म्हणाले होते. पण सकाळी हे पत्र लिहिता लिहिता, पुढचं मनात जुळवताना, डॉक्टरचं वाक्य आठवलं... मनात आधीपासून होतं, पण ते असं कधी बोचलं नव्हतं. कोणी चोळलाय का.

मघाशी आत्या तेलाची बाटली घेऊन आली. मांडी घालून बसली, मांडीवर थाप मारली, "आण इकडे."

मी म्हटलं, "नको आत्या."

"नको काय? मघा रडत होतीस."

"नको म्हणते ना."

"माझ्या हाताला काय काटे आलेत का एका दिवसात?"

मी म्हटलं, "आत्या, डॉक्टर काल विचारत होता."

"काय?"

"चोळलाय का म्हणून."

आत्याने बाटलीचं बूच लावलं, ते लागेना, वाकडंच बसत होतं. मग तिने हात अॅप्रनला पुसले. तेल अजून हातावर घेतलंच नव्हतं तिने, तरी पुसले. पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला कुठे माहीत होतं गं." मी म्हटलं, मला पण नव्हतं. तेल माझंच होतं. माझ्या पानातला भात वाळला.

मग ती म्हणाली, "बाहेर पड इथून." मी म्हटलं, कसं? फाटकाला कुलूप. शिट्टीला पाय दाखवला तर एकच होईल, ती म्हणेल रोग, मला कुठेतरी कोंडतील चौदा दिवस, तिथे कोण बघणार पाय? आणि गोळीचं सांगितलं तर म्हणेल, कुठली गोळी, दाखव. दाखवायला असतं काय? गोळी पोटात.

आत्या म्हणाली, "मग ती पोटात जाऊ देऊ नको."

*

वहिनी, आता थोडंच लिहिते. दुपारच्या चहाला गोळी न गिळता गाल आणि दाढ यांच्यामध्ये धरली. जीभ वर करून दाखवली. शिट्टी पुढे गेली. थुंकून काढली. अर्धी विरघळलीय, पण आहे. हे बघ, अशी आहे, या कागदाच्या टोकाला गुंडाळून वरून टेप मारलाय. टेप आत्याने मारला. तिने विचारलं नाही कशाला.

मला पायडल मारता येत नाही म्हणून शिट्टीने दुपारपासून गाऊनच्या घड्या घालायला बसवलंय. "आराम कर," म्हणाली, हसून. चिमणीला पण नेण्याच्या दोन दिवस आधी असंच म्हणाली होती, आराम कर. म्हणजे तिला कळलंय. माझा पाय तिला दिसलाय.

जिना चढताना छातीत उजवीकडे सुई टोचल्यासारखं होतं. पूर्ण श्वास घेतला की टोचतं. आता बसून लिहितेय तरी टोचतं. अर्धा अर्धा श्वास घेतला की नाही टोचत. मी अर्धाच घेतेय.

रविवार लांब आहे. फोन रविवारी. हे पत्र मी तुझ्यासाठी लिहायला घेतलं, पण फाटकातून ते जाणार कसं हे मला सकाळी पण माहीत नव्हतं. मनातलं कुठेतरी ठेवायचं होतं म्हणून लिहीत होते. इथून फक्त एकच गोष्ट रोज बाहेर जाते आणि कोणी ती उघडून बघत नाही, डागाचं खोकं परत आलं तेव्हापासून तर सीलच लावतात. गाऊन.

म्हणून वहिनी, हे तुझ्या हाती पडेल की नाही मला सांगता येत नाही. पिल्लूला दुधात बिस्किट बुडवून दे, नुसतं दिलं तर घशात अडकतं तिच्या. ती तुला आई म्हणते हे मी फोनवर ऐकलंय. तू लगेच तिला गप्प केलंस. नको करू गप्प. म्हणू दे.

तुझी नणंद

*

आता हे ज्यांच्या हातात आहे त्यांना.

ताई, किंवा दादा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. हॉस्पिटलमधले असाल, गाऊन अंगात घालायला पाकीट फोडलं असेल. कागद आत ठेवला म्हणून माल खराब झाला असेल तर माफ करा. हात स्वच्छ धुऊन घडी घातलीय.

वरचं सगळं नाही वाचलं तरी चालेल. पाय सुजलाय, डावा, गरम आहे. छातीत टोचतं, दम लागतो. ताप नाही. महिन्याहून जास्त दिवस पाळी ढकलायची गोळी रोज घेतलीय, ती गोळी टोकाला चिकटवलीय, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या लाइनीतल्या सगळ्याच घेतात. मंगळवारी दुपारी इथून एक मुलगी तुमच्याकडे आली असेल, लहानखुरी, डाव्या पायाला सूज. तिच्या डॉक्टरांना सांगा, ती पण घेत होती. पाय चोळलाही होता. तिथे आम्ही खोटं बोललो. ती असेल तर सांगा.

कारखान्याचं नाव खोक्यावर छापलंय. इथे फोन करू नका, शिट्टी उचलेल.

मागच्या बाजूला एक नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलाय, पेन्सिल दोनदा फिरवलीय. तो माझ्या भावाचा आहे. लिफ्ट दुरुस्त करतो, खड्ड्यात असला तर पहिल्यांदा उचलणार नाही, परत लावा. त्याला सांगा, फाटकावर ये, एकटा नको, डॉक्टर नाहीतर पोलीस कोणीतरी बरोबर आण, आणि बहिणीला घेतल्याशिवाय हलू नको. तो विचारेल काय झालंय. त्याला पाळीचं सांगा. गोळीचं सांगा. तो गप्प होईल, फोन कट झाला असं वाटेल, पण तो ऐकत असतो. आडून-आडून सांगू नका, मला जमलं नाही ते, तुम्ही सरळ शब्दात सांगा.

आजच लावा. गाऊन नंतर घाला, आधी माझ्या भावाला फोन लावा.